शेवटच्या गाडीचा बावटा

माझ्या जावेच्या घरात पाऊल टाकलं की समोरच्या भिंतीवर तिचा नवरा दिसतो. वर्तमानपत्रातला फोटो, कापून काचेच्या चौकटीत बसवलेला. अंगात रेल्वेचा निळा कोट, हातात उघडलेला बावटा, मागे सुटणारी गाडी. खाली छापलंय, 'अखेरच्या गाडीला निरोप देणारे सांधेवाले'. बावीस वर्षं झाली त्या फोटोला. बावीस वर्षं मी त्या घरात मान खाली घालून शिरते, आणि जाऊ म्हणते, "ताई, आमचा उंबरा काही एवढा उंच नाही हो." सगळं समजून म्हणते, बरं का.

सांधेवाले म्हणे! अहो, सांधेवाला माझा नवरा. एकतीस वर्षं. रूळ जिथे दोन वाटांना फुटतो तिथला सांधा बदलायचा, छातीएवढा लोखंडी दांडा ओढून गाडीला या वाटेने घालायचं की त्या वाटेने ते करायचं, मग बावटा दाखवायचा. चुकलं तर गाडीवर गाडी. आणि माझा दीर कोण, तर हमाल. घंटा वाजवायची, टाकीत पाणी भरायचं, लोकांची ओझी उचलायची. थोरला सांधेवाला आणि धाकटा हमाल, हे अख्ख्या गावाला माहीत होतं. पण शेवटची चार वर्षं काय झालं देव जाणे. पगार सांध्याचा आमच्या ह्यांचा, आणि बावटा मिरवायचे भाऊजी. ओझी कोण वाहायचं? हे! माझा नवरा! स्टेशनमास्तरांना भाऊजींनी काय गोड बोलून फिरवलं होतं कोण जाणे. रोज संध्याकाळी ह्यांच्या खांद्यांना मी तेल लावायची. घट्टे पडले होते, कातडी सोलून निघायची. मी विचारायची, "तुम्ही का उचलता? त्याचं काम आहे ना?" तर म्हणायचे, "जाऊ दे." त्यांचं ते 'जाऊ दे' ऐकून माझे कान किटले होते. तेल लावता लावता मी दिराचा आणि जावेचा उद्धार करायची, आणि हे भिंतीकडे तोंड करून गप्प बसायचे.

या वर्षी पाऊस नव्हता. शेतं नुसती तापत पडलेली, कुणाच्या हाताला काम नाही. तेव्हा गावच्या कमिटीने ठरवलं की बंद स्टेशन साफ करायचं आणि तिथे वाचनालय काढायचं. पुढाकार शाळेच्या बाईंचा. पोरीसारखी बाई, पण उत्साह असा की उन्हाला लाजवेल. त्यांनी सांगितलं, दारावर मोठा फलक लावायचा आणि त्यावर स्टेशनचा सगळा इतिहास लिहायचा. कधी सुरू झालं, कुणी काम केलं, शेवटची गाडी कुणी सोडली, नावासकट.

नावासकट म्हटल्यावर माझे कान टवकारले.

सकाळी सहाला आम्ही कामाला लागायचो, कारण दहानंतर दगडाला हात लावला तर फोड यायचा. फलाटावर कमरेएवढी काटेरी झुडपं माजलेली. रूळ तर केव्हाच उचलून नेले होते, नुसती खडी उरली होती. तिकिटाच्या खिडकीत साळुंक्यांनी घरटं केलेलं. वजनकाट्यावर बकऱ्यांच्या लेंड्यांचा थर. आम्ही आठदहा जण कुऱ्हाडी आणि खुरपी घेऊन भिडलो. माझं वय अडुसष्ट, पण खाणीवर दगड फोडलेले हात आहेत हे. जाऊ माझ्याहून सात वर्षांनी लहान. ती काम कमी आणि सांगणं जास्त.

"बाई, इथे बघा, इथे पाण्याची टाकी होती. आमचे हे भरायचे."

"बाई, ही खुंटी बघा. हिच्यावर आमच्या ह्यांचा कंदील असायचा."

आमचे हे, आमचे हे. जणू स्टेशन हिच्या माहेरून आलं होतं! बाई बिचाऱ्या वहीत भराभरा लिहीत होत्या. मी खुरपं आपटलं आणि म्हटलं, "बाई, इतिहास पाहिजे ना? मग पहिल्यापासून ऐका. स्टेशन आलं ते खाणीमुळे. टेकडीमागे दगडाची खाण होती, तो दगड न्यायला रूळ टाकले. माणसांची गाडी नंतर आली. सकाळ-संध्याकाळ एक इकडून, एक तिकडून, आणि दोघी इथे भेटायच्या. एक बाजूच्या रुळावर उभी राहायची, दुसरी निघून जायची. म्हणून सांधे. म्हणून सांधेवाला. सांधेवाल्याशिवाय या स्टेशनाला काही अर्थ नव्हता. हमाल काय, आज आहे उद्या नाही."

जाऊ हसली. "ताई, हमालाशिवाय तुमच्या दगडफोड्या बायांना पाणी कुणी पाजलं असतं?"

लोक हसले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

त्या वेळी मी दिवसभर खाणीवर असायची. खाण बंद पडल्यावर दुसऱ्यांच्या शेतात जायला लागले. म्हणून दोघा भावांचा डबा धाकटीच न्यायची. रेल्वेच्या दोन खोल्या होत्या आम्हाला, भिंतीला भिंत लागून. ती दुपारी डबे घेऊन जायची आणि तासभर तिथेच रमायची. संध्याकाळी हे घरी आले की मी विचारायची, "डबा कसा होता?" "चांगला होता." आता डबा मी पहाटे उठून केलेला, पण तो 'चांगला' मला तिच्या नावावर गेल्यासारखा वाटायचा. हसा हवं तर. पण कुणाला तरी आपल्या माणसाशी दुपारी बोलायला मिळतं आणि आपण उन्हात दगड फोडतोय, हे ज्याचं त्यालाच कळतं.

तिसऱ्या दिवशी बाईंनी फलकाचा मजकूर वाचून दाखवला. सगळे चिंचेखाली बसलो होतो, हातापायांना चुना लागलेला. खाण आली, मास्तर आले, पाण्याची टाकी आली, आणि शेवटी : "अखेरची गाडी सोडणारे सांधेवाले," आणि पुढे भाऊजींचं नाव.

"चूक आहे," मी म्हटलं.

"पण फोटो आहे ना, आजी."

"फोटोला काय होतंय? कोट घालून कुणीही उभं राहील. सांधेवाला माझा नवरा होता. विचारा की!"

भाऊजी समोरच बसले होते. चुन्याचा खडा हातात घेऊन नखाने टोकरत बसले. जाऊ म्हणाली, "ताई, एवढ्याशा गोष्टीसाठी कशाला?"

"एवढीशी? मग काढ ना तुझ्या नवऱ्याचं नाव!"

बाई गडबडल्या. म्हणाल्या, "कागदावर काही पुरावा असता तर बरं झालं असतं."

आणि तिथेच मला सुचलं. तिकिटाच्या खोलीत लोखंडी कपाट होतं. स्टेशन बंद झालं तेव्हा मास्तर कुलूप घालून गेले, ते परत आले नाहीत. त्या कपाटात सांध्याची वही असणार. सांधा बदलला की दर वेळी सांधेवाल्याला वहीत वेळ लिहून सही करावी लागायची. ते मी डोळ्यांनी बघितलं होतं, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी. हे केवढ्या ऐटीत सही करायचे!

"कपाट फोडा," मी म्हटलं. "शेवटच्या दिवसाची सही बघा. नाव असेल त्याचं लिहा. झालं तर मग."

सगळ्यांना पटलं. फक्त जावेचा चेहरा उतरला. ती उठून माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "ताई, नका हो. जुनी धूळ आहे, राहू द्या."

मला असा आनंद झाला म्हणून सांगू! पकडली! मी मोठ्याने म्हटलं, "का? घाबरलीस?"

त्या संध्याकाळी ह्यांना सांगितलं. हे खाटेवर बसून पाय चोळत होते. आता पंचाहत्तरी ओलांडली, काठीशिवाय चालत नाहीत.

"उद्या कपाट फोडणार आहेत. तुम्ही यायचं."

"कशाला उकरतेस?"

"तुमच्या नावासाठी. एकतीस वर्षं राबलात, नाव त्याचं लागणार?"

"लागू दे."

"लागू दे, जाऊ दे! तुम्हाला कशाचं काहीच कसं वाटत नाही हो?"

त्यांनी पाय चोळायचे थांबवले. मग म्हणाले, "वही नको काढायला लावूस. माझं एवढं ऐक."

मी ऐकलं नाही. मला वाटलं, भावाला वाचवतायत. आयुष्यभर तेच केलं, त्याची ओझी वाहिली. म्हटलं, या माणसाला स्वतःसाठी भांडता येत नाही तर मीच भांडणार.

दुसऱ्या दिवशी लोहार पहार घेऊन आला. मी ह्यांना धुतलेला सदरा घालून घेऊन गेले होते आणि फलाटावरच्या बाकावर बसवलं होतं. आतून कपाटाचा कर्कश आवाज आला, कोंबडी दाबल्यासारखा. मग बाई बाहेर आल्या. हातात वह्यांचा गठ्ठा, कडा वाळवीने खाल्लेल्या. शेवटची वही वर होती.

"वाचा," मी म्हटलं. "मोठ्याने वाचा. सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

बाईंनी शेवटचं पान उघडलं. "संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटं. सांधा मुख्य मार्गाला. सही..." आणि त्यांनी माझ्या नवऱ्याचं नाव वाचलं.

मी टाळीच वाजवली. खरंच वाजवली. जावेकडे बघून वाजवली. "ऐकलंस? ऐकलंस ना?"

बाई पान निरखत होत्या. मग त्यांनी मागचं पान उलटलं, मग आणखी मागचं, आणि दुसरी वही घेतली. "आजी," त्या म्हणाल्या, "नाव तेच आहे. पण अक्षर दोन प्रकारचं आहे. जुन्या वह्यांत अक्षरं उजवीकडे झुकलेली. आणि ही शेवटच्या चार वर्षांची, सगळी डावीकडे."

मी वही ओढून घेतली. आमच्या घरात डावखुरा एकच. भाऊजी. लग्नाच्या यादीपासून किराणाच्या चिठ्ठीपर्यंत ते डावं अक्षर मी ओळखत होते. माझ्या नवऱ्याचं नाव, आणि अक्षर दिराचं. पानामागून पान. चार वर्षं, रोज दोन वेळा.

"बघा!" मी ओरडले. "खोट्या सह्या! माझ्या नवऱ्याची सही चोरली याने! चोर आहे हा!"

भाऊजी उभे राहिले होते. दोन्ही हात लोंबत, मान खाली. त्यांनी नाही म्हटलं नाही. सत्तरीचा माणूस, सगळ्या गावासमोर. जाऊ रडायला लागली. तेवढ्यात मागून काठी आपटल्याचा आवाज आला.

"चोर नाही तो." हे बाकावरून उठले होते. "मला रंग दिसत नव्हते."

कुणाला काही कळेना. हे फलाटाच्या मधोमध आले. मी त्यांना एवढ्या लोकांत कधी बोलताना बघितलं नव्हतं.

"छातीचं दुखणं झालं होतं मला, त्याचं औषध घेतलं सहा महिने. दुखणं गेलं, आणि जाताना रंग घेऊन गेलं. तांबडा आणि हिरवा एकच दिसायला लागला, मातकट. एकदा दगडाच्या गाडीला तांबडा म्हणून हिरवा दाखवला. समोरून माणसांची गाडी यायची होती. याने पळत जाऊन सांधा फिरवला म्हणून. दोनशे माणसं होती त्या गाडीत." ते दम खायला थांबले. "डॉक्टरला सांगितलं असतं तर नोकरी गेली असती, खोली गेली असती. मग याने म्हटलं, दादा, तू घंटा बघ, मी सांधा बघतो. सही तुझ्या नावाने करतो. पकडला गेला असता तर आधी याची नोकरी गेली असती. चार वर्षं माझं जोखमीचं काम केलं याने, हमालाच्या पगारावर. मास्तरांनी वहीकडे कधी नीट बघितलं नाही. बघायचंच नव्हतं त्यांना. शेवटची गाडी यानेच सोडली. मी आत दिवे पुसत होतो."

मी त्यांचे खांदे बघत होते, सदऱ्यातून हाडं दिसणारे. त्या खांद्यांना चार वर्षं तेल लावत मी कुणाला शिव्या दिल्या होत्या ते आठवून मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि त्यांनी वही नको काढूस म्हणून किती सांगितलं होतं! मीच त्यांना धुतलेला सदरा घालून इथे आणलं, आपलं न्यून आपल्या तोंडाने सांगायला.

भाऊजींनी त्यांचा हात धरून बाकावर बसवलं. "दादा, कशाला सांगितलंस?" एवढंच म्हणाले.

आणि जाऊ डोळे पुसत पुढे आली. बाईंना म्हणाली, "बाई, दादांचंच नाव लिहा. आमचं काही म्हणणं नाही. सांधेवाले तेच होते. तो फोटो मी आजच भिंतीवरून काढते."

लोक 'वा' म्हणाले. एकदोघींनी तर डोळ्याला हात लावला. आणि मला विचाराल तर, त्या क्षणी मला लाज वाटत होती ती जळून गेली आणि नुसती आग उरली. म्हणजे इथेही हीच मोठी? चार वर्षं आम्हाला पोसलं, बावीस वर्षं तोंड मिटून बसली, आणि आता माझ्या नवऱ्याचं नाव मला दान देणार? त्या फलकासमोरून मी रोज जायचं आणि रोज मनात म्हणायचं, जावेच्या कृपेने आहे हे?

"काही नको," मी म्हटलं. "भाऊजींचंच लिहा. गाडी त्यांनी सोडली, त्यांचंच नाव लागेल. आणि फोटो आहे तिथे राहू दे."

"ताई..."

"मी सांगते तेच लिहायचं, बाई. दुसरं काही लिहिलंत तर चुना फासेन."

काय तो लोकांना उमाळा आला! म्हातारीने मन मोठं केलं म्हणाले. बाईंनी माझे हात हातात घेतले. भाऊजी वाकून माझ्या पायाशी आले, मी मागे सरले. जाऊ गळ्यात पडून रडली, आणि मी तिच्या पाठीवर हात फिरवला. मन मोठं कसलं? मला तिच्याकडून घ्यायचं नव्हतं, एवढंच. ते एका माणसाला कळलं. हे बाकावरून माझ्याकडे बघत होते.

दहाच्या सुमाराला आम्ही घरी निघालो. रुळांच्या जागी उरलेल्या खडीवरून वाट आहे. भाऊजी आणि जाऊ पुढे चालले होते, हे आणि मी मागे. ऊन चढलं होतं. ह्यांची काठी खडीत रुतत होती, मी दंडाला धरलं होतं.

"रागावलात?" मी विचारलं.

"नाही."

"मी उगाच वही काढायला लावली."

"आता काय. गेली ती नोकरी कधीच."

थोडं चाललो. माझ्या मनात भलतंच टोचत होतं. ते विचारू नये हे मला कळत होतं, तरी विचारलं.

"भाऊजींना सांगितलंत ते ठीक. भाऊ आहे. पण तिला का सांगितलंत? मी तुमची बायको. इतकी वर्षं माझ्यापासून लपवलंत आणि तिला सांगितलंत?"

"मी नाही सांगितलं तिला."

"मग भाऊजींनी सांगितलं असेल."

"त्यानेही नाही. तिचं तिनेच ओळखलं." ते थांबले, काठीवर दोन्ही हात ठेवले. "दुपारी डबा घेऊन आली होती. मी दिव्याच्या काचा पुसत होतो. तिला विचारलं, यातली तांबडी कुठली गं? ती आधी हसली. मग माझ्या तोंडाकडे बघितलं आणि हसायची थांबली. काच माझ्या हातात दिली. त्या दिवसापासून रोज तासभर थांबायची. काचा लावून द्यायची. कुणाला बोलली नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. त्याला मी सांगितलं, पण नंतर, त्या दगडाच्या गाडीनंतर."

"आणि मला नाही कळलं? मी तर घरातच होते. एका ताटात जेवत होते. एवढं मला कसं नाही दिसलं?"

त्यांनी खरंच विचार केला, मला लागू नये असं काही सापडतंय का ते बघत असल्यासारखा. मग साधंच म्हणाले, "तू माझ्याकडे कधी बघत होतीस? तू सगळा वेळ तिच्याकडे बघत असायचीस."

त्यांनी काठी उचलली आणि चालायला लागले. मी दंड धरून सोबत चालले. आणि खरं सांगते, हे ऐकतानासुद्धा माझी नजर पुढे होती, ती नवऱ्याशी काय बोलत चाललीय तिकडे.